खिडकीतला कप

स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत एक कप पालथा असे. त्याच्या कडेचा गव्हाच्या दाण्याएवढा टवका उडालेला होता. तो कलाबाईचा कप. ती वामनराव पाटलांच्या मागच्या ओसरीत धान्य निवडायला येई आणि चहा झाला की तो कप स्वतःच धुऊन खिडकीत ठेवी. मोताळ्याच्या बाजारात चहाचं दुकान लावायचं तिच्या मनात फार दिवसांपासून होतं. पण कपबशा कुठून आणायच्या, इथेच ते दरवेळी अडे.

त्या दिवशी वामनराव समतेवर भाषण करून घरी आले. सोबत पाहुणे होते. नवी सून प्रेरणा हिनं नव्या सेटमधून चहा दिला. कप रिकामे होऊन आत आले, तेव्हा सासूबाई आशाबाईंना खिडकी मोकळी दिसली.

"इथला कप कुठी हाय वं?"

"तो फुटेल होता, आई. मी फेकला मागंच."

"मंग कलाबाईले चहा कशात देतं?"

"ह्याच कपात."

आशाबाईंनी हातातला कप झटकन खाली ठेवला. "ह्यातल्या कोणत्या?"

"सगळे सारखेच हायेत. हाती येईल तो."

वामनरावांना आत बोलावलं गेलं.

"एक असता तं फेकला असता," आशाबाई कुजबुजल्या. "आता आख्खा सेटच बाटला!"

"तिनं निवडलेल्या गव्हाच्या पोया खाता नं?" प्रेरणा मात्र कुजबुजली नाही. "त्या काऊन नाई बाटत?"

वामनरावांनी बैठकीचं दार ओढून घेतलं आणि हुकूम सोडला, "हळू बोला. सेट देऊन टाका तिले. बक्षीस म्हना."

तेवढ्यात बैठकीतून आवाज आला, "वामनराव, अजून अर्धा अर्धा चहा होऊन जाऊ द्या!"

चहा स्टीलच्या वाट्यांतून गेला. पाहुण्यांनी चटके बसणारी बोटं झटकत विचारलं, "कप कुठी गेले?"

"आमच्या कलाबाईले देऊन टाकले," वामनराव म्हणाले. "नुसतं भाषण करून काय होते?"

पाहुणे भारावले. फोटो काढायचं ठरलं. आजवर ओसरीच्या पुढे न आलेली कलाबाई सेटचा खोका घेऊन बैठकीत उभी राहिली. ओसरीत तिला शब्द न् शब्द ऐकू आला होता.

"बोला कलाबाई, दोन शब्द," पाहुणे म्हणाले.

"उद्यापासून गहू निवडाले येत नाई मी, पाटील," कलाबाई म्हणाली. "मोताळ्याच्या बाजारात चहाचं दुकान लावून राह्यली. सारे या. कप तुमच्या वळखीचेच हायेत."