मोठ्या साहेबांची तब्येत

आमच्या कारखान्यात टॉवेल रंगवले जातात आणि एक मासा पाळला जातो. टॉवेल रंगवणे हा धंदा आहे, मासा पाळणे हा नियम. धंद्याकडे मालक, रंगमास्तर आणि सगळे कामगार लक्ष देतात. नियमाकडे लक्ष द्यायला मला नेमलं आहे. 'गुणवत्ता व पर्यावरण अधिकारी' असं माझ्या दारावर लिहिलेलं आहे. दार जिन्याखालच्या खोलीचं असलं तरी पाटी पितळेची आहे.

नियम असा आहे : रंगाचं पाणी कारखान्याबाहेर सोडण्यापूर्वी शुद्ध करावे, आणि ते शुद्ध झाल्याचा पुरावा म्हणून बाहेर पडण्याच्या जागी, म्हणजे सरकारी भाषेत 'निर्गमस्थानी', काचेच्या टाकीत त्याच पाण्यात एक मासा ठेवावा. मासा जिवंत तर पाणी स्वच्छ. मासा मेला तर कारखान्याला टाळं. ज्याने कुणी हा नियम केला त्याच्या बुद्धीचं मला मनापासून कौतुक वाटतं. प्रयोगशाळेचा अहवाल फिरवता येतो, माशाला फितवता येत नाही.

मी रुजू झालो त्या दिवशी मालकांनी मला टाकीपाशी नेलं. आत तळहाताएवढा एक रुपेरी मासा कोपऱ्याकडे तोंड करून उभा होता.

"यांना नीट ओळखून ठेवा," मालक म्हणाले. "कामगार यांना मोठे साहेब म्हणतात. हे आहेत तोवर कारखाना आहे. तुम्ही अजून हंगामी आहात. वार्षिक तपासणी होईपर्यंत साहेबांना काही झालं नाही, तर तुम्ही कायम. क्वार्टर्समध्ये दोन खोल्या, गॅलरीसकट."

"आणि काही झालं तर?"

"तर तुमच्याही बाबतीत तेच."

गॅलरी हा शब्द ऐकून माझं काय झालं, हे दुसऱ्याच्या हॉलमध्ये संसार थाटलेल्या माणसालाच कळेल. आम्ही नवरा-बायको आणि मुलगी माझ्या मेहुण्याकडे, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाकडे राहत होतो. हॉलमध्ये, सोफ्याच्या मागे. मेहुणा स्वभावाने चांगला. 'आता निघा' असं तो कधीही म्हणाला नाही. तो फक्त रोज सकाळी सोफा थोडा मागे सरकवायचा. मोठ्या साहेबांची बातमी कळल्यापासून तो चहाबरोबर माझी नाही, त्यांची चौकशी करू लागला.

"काय मग, साहेब बरे आहेत ना?"

"बरे आहेत."

"जपा हो त्यांना," असं म्हणून तो सोफ्याकडे बघायचा.

साहेब त्याच आठवड्यात गेले. डाळिंबी टॉवेलांची मोठी ऑर्डर चालू होती. मी धावत रंगमास्तरांना बोलावून आणलं. रंगमास्तर म्हणजे कारखान्यात कुठला रंग किती वेळ उकळायचा हे ठरवणारा माणूस. त्यांनी टाकीत वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि उसासा टाकला.

"काय चढलाय हो रंग! टॉवेलवर असा चढत नाही."

मग मी मालकांकडे शुद्धीकरण यंत्राचा विषय काढला. असं यंत्र आमच्याकडे आहे. ते मागच्या आवारात आमच्याच टॉवेलांनी झाकून ठेवलेलं असतं.

"नियम काय म्हणतो? यंत्र असावं," मालक म्हणाले. "आहे ना?"

"आहे. पण चालवावं असंही म्हणत असेल."

"अहो, चालवलं की झिजतं. झिजलं की बंद पडतं. बंद पडलं की नियम मोडला. तुम्हाला नियम मोडायचाय का?"

मला नियम मोडायचा नव्हता. मी बाजारात जाऊन नवे साहेब आणले. मोठे साहेब हे पद कायमचं आहे, व्यक्ती येतात आणि जातात. निळ्या ऑर्डरमध्ये एक गेले, पोपटी ऑर्डरमध्ये दुसरे गेले. बाजारातली मासेवाली मला लांबूनच ओळखू लागली.

"या दादा! साफ करून देऊ का आज?"

"नको, जिवंतच द्या. पुढचं आमच्याकडे होतं."

असं सुरळीत चाललेलं असताना तपासनीस फेरीवर आले. पर्यावरण खात्याचे हे गृहस्थ शांत आणि सभ्य आहेत, पण त्यांना डोळे आहेत. ते बराच वेळ टाकीसमोर उभे राहिले.

"मागच्या वेळी पाहिलं तेव्हा यांना मिशा नव्हत्या."

"वय झालं आता," मी म्हणालो.

"हे बघा, मासा बदलू नये असं नियमात कुठेही नाही. पण उठसूट बदलला की लोक बोलतात. वार्षिक तपासणीला यंदा अख्खी समिती येणार आहे. याच माशाच्या कल्ल्याला मी बिल्ला लावून जातो. समितीला हाच बिल्ला जिवंत दिसला पाहिजे."

ते बिल्ला लावून गेले आणि माझं सगळं नशीब एका मिशीवाल्या माशाला अडकून पडलं. घरी मी हे सांगितलं. मेहुण्याने सोफा दोन्ही हातांनी सरकवला.

तातडीची बैठक झाली. मालकांनी यंत्र झिजवायला साफ नकार दिला. रंगमास्तरांनी फिके रंग वापरून बघू असं सुचवलं, मग स्वतःच्याच सूचनेची लाज वाटून ते गप्प बसले. आमचे पूर्वज शहाणे होते. रोग म्हशीला आणि इलाज पखालीला, असं ते म्हणून गेले. लोक ही म्हण चेष्टेने वापरतात, पण व्यवस्थापनाच्या दृष्टीने पखाल म्हशीपेक्षा केव्हाही स्वस्त पडते. मी उठून उभा राहिलो.

"पाणी माशाच्या लायकीचं करण्यापेक्षा माशाला त्याच्या लायकीचं पाणी देऊ."

मालकांनी मला मिठी मारली. संध्याकाळच्या आत कँटीनच्या फिल्टरमधून थेट टाकीपर्यंत नळी टाकण्यात आली आणि रंगाचं पाणी टाकीला वळसा घालून जाऊ लागलं. कामगारांच्या तोंडचं पाणी पळालं, हे मी वाक्प्रचार म्हणून लिहीत नाही. 'पर्यावरणासाठी पिण्याचे पाणी घरून आणावे' अशी सूचना मी स्वतःच्या सहीने लावली. धुलाई विभागातल्या एक बाई ती वाचून माझ्याकडे आल्या.

"साहेब, एक विचारू? आमच्यातलं कुणी आजारी पडलं तर कारखाना बंद होतो का?"

"छे! असं कसं होईल?"

"आणि मासा मेला तर?"

"तर मात्र लगेच."

"मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या. इतकी समजूतदार बाई मी पाहिली नव्हती.

चांगलं पाणी मिळूनही मोठे साहेब खुलेनात. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी टाकीला कान लावला आणि निदान केलं, की यांना उकळत्या रंगाची वाफ बाधते, यंत्रांची धडधड सोसत नाही. यांना शांत, थंड, एकांताची जागा हवी. असं वर्णन लागू पडेल अशी कारखान्यात एकच जागा होती, ती म्हणजे वरच्या मजल्यावरची मालकांची केबिन. पण टाकी निर्गमस्थानीच असावी हा नियम. टाकी हलवणं बेकायदेशीर. मी अख्खी दुपार जिन्याखाली बसून डोकं खाजवलं. मग उठलो आणि 'निर्गमस्थान' ही पाटी काढून मालकांच्या केबिनबाहेर ठोकली. पाटीमागोमाग टाकीला जाणं भागच होतं.

"म्हणजे सांडपाणी माझ्या केबिनमधून बाहेर पडतं असं दिसेल की हो," मालक कुरकुरले.

"फक्त कागदावर."

"मग हरकत नाही. कागदावर मी सकाळी वेळेवरही येतो."

साहेबांना वरची हवा मानवली. ते गुटगुटीत झाले. भेटायला येणारे व्यापारी आधी त्यांना नमस्कार करू लागले, मग मालकांना. पण टाकीतलं फिल्टरचं पाणी आता सकाळ-संध्याकाळ बदललं जात असल्यामुळे टॉवेल धुवायला चांगलं पाणी उरेना. तेच ते पाणी फिरवून फिरवून वापरावं लागलं आणि टॉवेलचा रंग सुटू लागला. एका लॉजमधला पाहुणा आंघोळीला गोरा गेला आणि हिरवा बाहेर आला. लॉजचा मॅनेजर थेट कारखान्यात येऊन ओरडला.

गुणवत्ता हेही माझंच खातं असल्यामुळे मी त्यात लक्ष घातलं. दोष टॉवेलचा नव्हता, टॉवेलविषयीच्या माहितीचा होता. मी नवं लेबल छापून घेतलं. त्यावर मोठ्या साहेबांचं चित्र आणि खाली मजकूर : 'जिथे मासा सुखाने जगतो, तिथे तयार झालेला टॉवेल. याचा रंग आम्ही बळजबरीने अडकवून ठेवत नाही.' किंमत दुप्पट ठेवली. बड्या वस्तीतल्या लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. महिन्याभरात निळी मान हे जागरूक नागरिकाचं लक्षण ठरलं. ज्यांना आमचा टॉवेल परवडत नव्हता ते शाई लावून फिरू लागले. लॉजच्या मॅनेजरनेही भाडं वाढवलं आणि माझी माफी मागितली.

अशा रीतीने सगळं उत्तम चाललेलं असताना समितीचा दिवस उजाडला आणि मोठ्या साहेबांनी अन्न टाकलं. मी केबिनमध्ये पोचलो तर ते आडवे झालेले. खोटं कशाला सांगू, माझे वडील दवाखान्यात होते तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो. त्यांच्या जाण्याने कुणाचा हॉल अडकणार नव्हता. तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला.

"खाल्लं का त्यांनी काही?"

"नाही."

पलीकडून सोफा सरकल्याचा आवाज आला.

समिती आली. अध्यक्षबाई, दोन सदस्य आणि मागे तपासनीस. अध्यक्षबाईंची मान फिकट निळी होती. त्या टाकीशी आल्या आणि थबकल्या. साहेब एका कुशीवर पडून होते, बिल्ला तेवढा चमकत होता.

"हा मेलाय का?"

"छे हो, आराम करतायत," मी म्हणालो. "जेवणानंतर पडायची सवय आहे त्यांना."

"पण डोळे उघडे आहेत."

"आमच्याकडे सगळे असेच झोपतात, बाई. पाळ्या असतात ना."

मालकांनी भिंतीचा आधार घेतला. मी मनातल्या मनात साहेबांची विनवणी केली. बायकोची केली नव्हती इतकी केली. गॅलरी, दोन खोल्या, मुलीला अभ्यासाला एक कोपरा, सगळं त्या एका शेपटीवर होतं. अध्यक्षबाईंनी काचेवर टिचकी मारली. आणि साहेबांनी कूस बदलली, आळस दिल्यासारखी शेपटी हलवली आणि टाकीला एक अख्खी फेरी मारली.

समितीने टाळ्या वाजवल्या. रंगमास्तर रडले. एक सदस्य तर ग्लास मागवून टाकीतलं पाणी प्यायले आणि त्यांनी डोळे मिटले.

"सांडपाणी म्हणायचं का हो याला? आमच्या कार्यालयात असं पाणी प्यायला मिळत नाही."

कारखाना 'आदर्श' ठरला. इतर कारखान्यांनी आमचा कित्ता गिरवावा अशी शिफारस झाली. मी त्याच संध्याकाळी कायम झालो आणि माझ्या हातात क्वार्टरची किल्ली पडली. मेहुण्याने आमचं सामान एकट्याने वाहून आणलं. जाताना त्याने मला मिठी मारली आणि त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं.

दोन खोल्या, गॅलरी, खाली ओढा आणि ओढ्याकाठी क्वार्टर्सची विहीर. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. इतका निवांतपणा मी आयुष्यात अनुभवला नव्हता. तेवढ्यात मुलगी मोरीतून हात धुऊन आली. धुण्यापूर्वी तिचे हात स्वच्छ होते. आता ते मनगटापर्यंत जांभळे होते.

बायकोने नळ सोडून पाहिला. मग ती गॅलरीत आली.

"हे पाणी कुठलं?"

"विहिरीचं."

"विहिरीला कुठून येतं?"

"ओढ्यातून झिरपत असणार."

"आणि ओढ्याला?"

"हे बघ," मी म्हणालो, "आपलं निर्गमस्थान वरच्या मजल्यावर आहे."

"ते समितीला सांगा. मला एवढंच सांगा, ते रंगाचं पाणी रोज जातं कुठे?"

मुलगी हात झग्याला पुसत होती आणि ते पुसले जात नव्हते. हा प्रश्न मला नवीन होता. मालकांनी तो कधी विचारला नव्हता, तपासनिसांनी विचारला नव्हता, टाकीतलं पाणी पिणाऱ्या सदस्यांनीही नाही. आणि राग मानू नका, पण तुम्हीही विचारला नाहीत. मोठे साहेब आडवे पडले तेव्हा तुम्हीसुद्धा श्वास रोखलात आणि त्यांनी शेपटी हलवली तेव्हा तुमचाही जीव भांड्यात पडला. समितीत सध्या एक जागा रिकामी आहे. कळवू का तुमचं नाव?