कंप ग्राहकाच्या हातात

ताशी नव्वदच्या पुढं गेलं की सुधींद्ररावांच्या गाडीचं स्टिअरिंग थरथरू लागे. ऐंशीपर्यंत ते गाभाऱ्यातल्या समईसारखं स्थिर असे. नव्वदला मात्र अंगात आल्यासारखं करी. एरवी नुंगंबाक्कमसारख्या शहरी गर्दीत राहणाऱ्याला नव्वदचं काय? तिथं चाळीस गाठलं तरी नारळ फोडावा. पण शुक्रवारी लेकीला, लावण्याला, तंजावरहून बाळंतपणाला आणायचं होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की गाडीत हिसके नकोत.

सर्व्हिस सेंटरमध्ये हरिप्रसाद भेटला. तोही तंजावरी मराठी, त्यामुळे दुःख निदान मातृभाषेत मांडता आलं.

"सार, आमची टेस्ट चाळीसला असते. वर नेलं की मेमो."

"चाळीसला हलतच नाही रे."

"तेच म्हणतो की, सार. मग बिघाड कुठं आहे?"

सुधींद्रराव गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांनी कोपऱ्यातल्या चाकांच्या बॅलन्सिंगच्या यंत्राकडे बोट दाखवलं. त्यावर कापड पांघरलेलं, आणि वर आयुधपूजेचा सुकलेला हार.

"ते बंद आहे, सार. रोज त्यावर वाईट चाकं निघायची. मॅनेजरसारांनी बंद करवलं. तेव्हापासून एक चाक वाईट निघालं नाही."

प्रकरण वर गेलं. विभागीय कार्यालयातून जयतीर्थ नावाचे कंपतज्ज्ञ आले. त्यांना नव्वदची खास परवानगी होती, म्हणून गाडी तेच चालवायला बसले. शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या पुढं मोकळा रस्ता लागला, काटा नव्वदवर चढला, आणि तज्ज्ञांचा चष्मा, गाल व वाक्य ही तिन्ही एकदम हलू लागली.

"क-क-कुठं हलतंय?"

"तुमच्या हातांत बघा की," सुधींद्रराव शेजारून म्हणाले.

जयतीर्थांनी हातांकडे बघितलं. मग गंभीरपणे दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले. मागच्या सीटवर सुधींद्ररावांच्या पत्नी विजयलक्ष्मीबाईंनी डोळे मिटून कुलदेवतेला हाक घातली.

"आता मला काही जाणवत नाही," जयतीर्थ म्हणाले. "हात ठेवला की कंप आहे, काढला की नाही. अर्थात कंप हातात आहे."

"पण हात तुमचे होते."

"गाडी तुमची होती."

"मी चालवते तेव्हा माझेही हात कापतात," विजयलक्ष्मीबाई हळूच म्हणाल्या.

"सहवास, अम्मा. संसारात लागतंच एकमेकांचं."

गुरुवारी गाडी धुऊन, आत सुगंध मारून तयार होती. किल्ली हरिप्रसादच्या मुठीत होती.

"एक सही, सार. कंप ग्राहकाच्या हातात असून ग्राहक पूर्ण समाधानी आहे. आणि फोनवर पाच तारे."

"चार दिले तर?"

"चार म्हणजे आमच्यात शून्य, सार. तक्रार उघडी राहते. तक्रार उघडी म्हणजे गाडी आत. सोमवारी बघू."

"सोमवारी काय करणार?"

"चाळीसला टेस्ट."

विजयलक्ष्मीबाईंचा चातुर्मासात खोटं न बोलण्याचा नेम होता, म्हणून सही सुधींद्ररावांनी केली. तारे मात्र बाईंच्या फोनवरून गेले. नंबर त्यांचा दिलेला होता. आणि नेम बोलण्याचा होता, बोट टेकवण्याचा नव्हता.

शुक्रवारी परतीला सुधींद्ररावांनी काटा ऐंशीच्या वर जाऊ दिला नाही. बसवाले मागून शिव्या घालत होते, लावण्या उशांत टेकून हसत होती. टिंडिवनमच्या अलीकडे तिचं हसणं थांबलं.

"अम्मा, कळ आली."

सुधींद्ररावांनी पाय दाबला. नव्वद.

"अप्पा, हात किती कापतात तुमचे," दात आवळून लावण्या म्हणाली.

"हो गं. तसं मी लिहून दिलंय."

विजयलक्ष्मीबाईंनी फोनवर जवळचं प्रसूतिगृह शोधलं. सापडलं. "हे बघा, पुढच्या वळणाला आहे. पाच तारे. सगळे अगदी पूर्ण समा..." म्हणता म्हणता त्या स्वतःच्याच बोटाकडे बघू लागल्या.

ते तारे देणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर त्यानं एकदा खरं काय ते सांगावं. जरा लवकर, वळण आलंय.