हकीकत कोऱ्या चहाच्या मोहिमेची, मुक्काम कर्वेनगर

श्रीमंत सकलगुणसंपन्न वाचक, एका घोटात दुसऱ्याच्या घरच्या चहाचे दोष काढणारे, स्वतःच्या घरचा चहा उकळतो आहे तोवर हे वाचणारे, त्यांचे सेवेशी विज्ञापना ऐसीजे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, माघ शुद्ध पौर्णिमा, रविवार, ते दिवशी पुणे शहरी, कर्वेनगर मजकुरी, निशिगंध नामे सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर जो संग्राम जाहला, त्याची हकीकत आपण विचारिली नाही, तरी लिहिणे प्राप्त आहे. कारण की सोसायटीच्या ग्रुपवर भलतेच लिहिले गेले, आणि सत्य दोन मजले मागे राहिले.

ते जागी रतनराव ओव्हाळ राज्य करीत होते. भूमी अभिलेखाच्या कचेरीत पस्तीस वर्षे चाकरी करोन निवृत्त जाहलेले, आणि सहीशिक्क्याच्या कागदावाचून सूर्योदयावरही विश्वास न ठेवणारे. त्यांची वडील बहीण सुंदराबाई मुदपाकखान्याच्या कुलमुखत्यार. त्यांच्या पातेल्यातील आल्याचा वास तिसऱ्या मजल्यास पहाटेची वर्दी देई. आणि रतनरावांची कन्या अक्षताबाई, वय वर्षे तेवीस, रसायनशास्त्राची पदवीधर, मोजल्याविना काही न मानणारी. हा गुण बापाचाच. बाप पाने मोजी आणि लेक अंश मोजी, इतकाच फरक.

ऐसे असता आसाम मुलखातून अक्षताबाईंस खलिता आला. एका चहाच्या कंपनीने त्यांस चहा चाखण्याच्या कामी दोन वर्षांची उमेदवारी दिधली होती, आणि होकार सोमवारी सकाळी दहाचे आत मागितला होता. रतनरावांचा मनसुबा निराळा. लेकीने स्पर्धा परीक्षा द्यावी, तहसीलदार व्हावे, आणि बापाने जन्मभर ज्या टेबलासमोर उभे राहोन फायली धरल्या, त्या टेबलामागे बसावे. बापाचा शब्द मोडोन जाणे अक्षताबाईंस शक्य होते, परंतु तो चहा गोड लागणार नव्हता. म्हणोन शनिवारी जेवणाचे मसलतीत विषय निघाला.

"चहा प्यायची नोकरी मीही पस्तीस वर्षं केली," रतनराव म्हणाले. "फक्त पदनाम वेगळं होतं."

"बाबा, प्यायचा नसतो. चाखून थुंकायचा असतो."

"म्हणजे प्यायचासुद्धा नाही? मग पगार कशाचा?"

सुंदराबाई म्हणाल्या, "पत्ती, साखर, दूध, आलं. चहा म्हणजे चहा. एवढं कळायला आसामला जावं लागतं होय गं?"

मग अक्षताबाईंनी अर्ज केला की, चहाचे प्रकार मुख्यत्वे सहा, सहांची चव सहा तऱ्हांची, आणि ती सिद्ध करोन दाखवीन. त्यावर रतनरावांचे फर्मान निघाले की, उद्या पौर्णिमा आहे, विहारातून वंदना करोन आलो की सहाही हजर करावे. आमच्या जिभेस फरक कळला तर आसाम. न कळला तर परवापासून अभ्यासिका. सुंदराबाईंनी फर्मानास अनुमोदन दिधले, आणि उरलेले वरण झाकोन ठेविले.

अक्षताबाईंची फौज आधीच कपाटात जमा होती. तिचा तपशील ऐसा. चहाचे झाड एकच, आणि सहाही त्याचीच लेकरे. वांगे चिरोन ठेविले असता हवेने जैसे काळे पडते, तैसेच तोडलेले पान हवेने बदलते. त्यास किती बदलो द्यावे, यावर प्रत्येकाचे नशीब. पांढरा म्हणजे कोवळी कळी, नुसती सुकविलेली, कोणी फारसा हात न लावलेली. हिरव्यास तोडताक्षणी आच देवोन हवेचा कारभार बंद केलेला. पिवळा हिरव्याचाच भाऊ, परंतु ऊबेत झाकोन मवाळ केलेला. ऊलाँग अर्ध्या वाटेवर थांबविलेला. काळा हवेस पूर्ण शरण गेलेला, आणि आपण ज्यास चहा म्हणतो तो हाच. सहावा पु-एर, ओलसर ढिगात मुरवोन वर्षानुवर्षे साठविलेला, त्यामुळे सर्वांत वयस्कर. या सहांस पाणीही सारखे चालत नाही. हिरव्यास पंच्याहत्तर अंशांवर पाणी चढले की तो कडू होवोन सूड घेतो; पु-एरास खळखळते लागते. म्हणोन तापमापक, वजनकाटा आणि मोबाईलमधील घड्याळ ऐसे तीन सरदार ओट्यावर तैनात केले.

भय एकच होते. सुंदराबाईंच्या हाताशी दूध असले तर सहा चहांचा एक चहा होण्यास अर्धे मिनिट पुरे. म्हणोन अक्षताबाईंनी पहाटेच दुधाच्या चारही पिशव्या समोरच्या शर्मिलाकाकूंच्या फ्रिजमध्ये ओलीस ठेविल्या. शर्मिलाकाकू दिवाळीत नव्या राहावयास आलेल्या, स्वभावे दयाळू, चौकशीस तत्पर. त्यांनी कारण पुसले. अक्षताबाई घाईत होत्या. "आज घरात दूध नको, काकू," इतकेच बोलोन निघोन गेल्या. इतिहास ऐश्या अपुऱ्या वाक्यांनी घडतो.

दहा वाजता मंडळी विहारातून परतली. पौर्णिमेचे म्हणोन तिघेही पांढऱ्या वस्त्रांत होते. त्याच वेषात बैठक बसली. अक्षताबाईंनी ताकीद दिधली की, चाखताना बोलो नये, हसो नये, डोळे मिटावे आणि जिभेकडे लक्ष द्यावे. घरात शांतता पसरली. हवा खेळावी म्हणोन दार सताड उघडे होते.

पहिला पांढरा आला. रतनरावांनी डोळे मिटोन घोट घेतला. मग निकाल दिधला: "गरम पाणी."

दुसरा हिरवा आला. "गरम पाणी."

तिसरा पिवळा आला. "गरम पाणी. पण ह्याला शिष्टाचार आहे."

सुंदराबाईंस हिरव्याचा तुरटपणा घशाशी लागला, आणि त्यांनी पदराने डोळे पुसले. अक्षताबाईंचा चेहरा उतरला. तीन मोर्चे गेले, तीन उरले, आणि अभ्यासिकेचे दार डोळ्यांपुढे दिसो लागले.

नेमके ते समयी शर्मिलाकाकू, फ्रिजमध्ये जागा पुरेना म्हणोन, पिशव्या परत घेवोन दाराशी आल्या. त्यांनी काय पाहिले? पांढऱ्या वस्त्रांतील तीन माणसे. सगळी चूप. बापाचे डोळे मिटलेले, आत्या डोळे पुसते आहे, मुलगी मान खाली घालोन उभी, आणि मध्ये कोरा चहा. आता दुःखाच्या घरी चहा कोरा असतो, हे कर्वेनगरात कोणास सांगावे लागत नाही. वर पहाटेचे वाक्य आठवले: आज घरात दूध नको. काकूंनी काय समजावयाचे ते समजोन घेतले. त्या पिशव्यांसह पाऊल न वाजविता मागे फिरल्या, आणि सेक्रेटरी साईनाथ यांस इतला दिधली.

साईनाथ कारभारी माणूस. त्यांनी तत्क्षणी ग्रुपवर लिहिले: "ओव्हाळ कुटुंबीयांकडे अत्यंत दुःखद घटना. तपशील कळवतो." त्याखाली एकतीस जणांनी हात जोडले. कोण गेले, हे कोणी पुसले नाही. ऐसे पुसणे अशिष्ट, आणि आपल्यालाच ठाऊक नाही हे उघड होण्याचे भय निराळे.

पाऊण घटकेत सतरा माणसे जिना चढोन आली, चपला बाहेर काढोन भिंतीच्या कडेने बसली. रतनरावांस वाटले, लेकीने परीक्षेस कुमक आणिली. अक्षताबाईंस वाटले, बाबांनी पंच बोलाविले. सुंदराबाईंस वाटले, माणसे आली म्हणजे चहा ठेवणे आले, आणि पाहतात तो घरात दुधाचा थेंब नाही. मग दुसरा उपाय नव्हता. अक्षताबाईंनी कप, वाट्या, औषधाच्या बाटल्यांची टोपणे जमा केली, प्रत्येक किटलीस नाव न लिहिता फक्त आकडा चिकटविला, आणि पहिल्यापासून फेरी सुरू केली.

यापुढे जे घडले ते पुण्याच्या इतिहासात पूर्वी घडल्याचे या लेखकास ठाऊक नाही. सतरा पुणेकरांनी दुसऱ्याच्या घरचा चहा घेतला, एकामागोन एक पाच तऱ्हांचा घेतला, बिनदुधाचा, बिनसाखरेचा घेतला, आणि अर्धा तास त्याजवर एक अक्षर बोलले नाहीत. दुःखाच्या घरी जे पुढे येईल ते निमूट घ्यावे, नाव ठेवो नये. अक्षताबाईंस यातील काही ठाऊक नव्हते. त्यांस ही एकाग्रता भासली, आणि त्या मनी म्हणाल्या, काय तयारीची माणसे आहेत.

सहावी किटली झाकोन ठेविली होती, तो साईनाथ रतनरावांकडे सरकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "किती वाजता काढायचं?"

"काय काढायचं?"

"नाही, म्हणजे... पासाचं मी बघतो. तुम्ही काळजी करू नका."

"कसला पास? कुणाचा?"

स्मशानाचा पास कोणाच्या नावे काढावा, म्हणोन साईनाथांनी घरात नजर फिरविली. बाप बसलेला, आत्या बसलेली, मुलगी किटली धरोन उभी. हिशेब जुळेना.

शर्मिलाकाकू न राहवोन म्हणाल्या, "मग गेलं कोण?"

"कुठं?" सुंदराबाई म्हणाल्या.

"वारलं कोण, अहो!"

"कुणीच नाही की."

मग साईनाथ किंचित दुखावल्या स्वरात बोलले, "असं कसं? ग्रुपवर टाकलंय मी. एकतीस जणांनी हात जोडलेत."

दूध का हलविले आणि वस्त्रे पांढरी का, याचा उलगडा जाहला, आणि मयत रद्द जाहले. ते होताच अर्धा तास दाबोन धरिलेले अभिप्राय धरणाचे दरवाजे उघडावे तैसे सुटले.

"मग हे काय पाजत होतात आम्हाला?" शर्मिलाकाकू म्हणाल्या. "पहिलं तर खरबूज कापलेल्या सुरीचं धुवण!"

तळमजल्यावरील बाबुराव, ज्यांची शेती अद्याप लोणी काळभोरास आहे, ते म्हणाले, "दोन नंबरला मटाराच्या शेंगा सोलल्यावानी वास हाय. ह्यो प्यायचा का परतायचा?"

"तिसरा म्हणजे दुसराच," साईनाथ म्हणाले, "पण कुणीतरी समजूत घातलेला. उकडलेल्या कणसाचं पाणी."

शर्मिलाकाकू पुन्हा म्हणाल्या, "चौथ्यात फुलं घातलीयेस तू. मंडईबाहेर गजरेवाल्या बसतात ना, तिथून गेल्यासारखं वाटलं."

"एकही फूल नाही त्यात, काकू. नुसतं पान आहे."

"मला नको सांगू. नाक आहे मला."

"पाचवा तेवढा बरा," बाबुराव म्हणाले. "नाचणीच्या सत्वावानी लागतो, जिभंला आवळतो जरा. दूध द्या त्येला, मानसात यील."

प्रत्येक वाक्य तोफेचा गोळा होता. परंतु अक्षताबाई ते गोळे वेचो लागल्या. त्यांनी वही ओढली, मंडळींस एकेक करोन पुसले, आणि मांडणी केली. दोन नंबरास सतरांपैकी चौदा जणांनी मटार, गवत अथवा पालेभाजी म्हटले होते. चौथ्यास बारा जणांनी फूल म्हटले होते. पाचव्याची कोणीही पहिल्याशी गल्लत केली नव्हती. नाव कोणास ठाऊक नव्हते, आकडाच ठाऊक होता. तो कागद त्यांनी बापापुढे ठेविला.

रतनरावांनी चष्मा लावला. "सह्या?"

सतरा सह्या जाहल्या. साईनाथांच्या खिशात सोसायटीचा शिक्का सदैव असे, तोही उमटला. रतनरावांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "कागद बरोबर आहे. पण ठरलं होतं ते माझ्या जिभेचं."

अक्षताबाईंनी सहाव्या किटलीतील चहा, काळाभोर, कपात ओतोन पुढे केला.

रतनरावांनी कप नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेविला. मग पुन्हा उचलला. एक घोट घेतला, आणि डोळे मिटण्याची ताकीद नसताना मिटले.

"हा कुठं ठेवला होता?"

"चीनच्या युनान प्रांतात, बाबा. ओलसर ढीग करून मुरवतात, मग वर्षानुवर्षं..."

"युनान नको सांगू मला. हे तालुक्याचं रेकॉर्ड रूम आहे." त्यांचा आवाज खाली आला. "बरेच दिवस बंद खोली उघडली की असा वास यायचा. जुना कागद, लाल बासनं, सागाची मांडणी. पहिल्या दिवशी साहेबांनी किल्ली दिली आणि मी दारात नुसता उभा राहिलो. वाटलं, आता हे सगळं माझ्या ताब्यात. तेवीसचाच होतो तेव्हा. आई म्हणाली होती, धूळ खायची कसली नोकरी."

"आई नव्हे," सुंदराबाई म्हणाल्या. "मी म्हणाले होते."

रतनराव बहिणीकडे पाहात राहिले. मग दोन नंबरचा उरलेला घोट मागवोन घेतला, जिभेवर फिरविला, आणि कप बाजूस सारला.

"हा सहाव्यासारखा नव्हे," ते म्हणाले. "ह्याला मटाराचा वास आहे." आणि लेकीस म्हणाले, "जा."

येणेप्रमाणे माघी पौर्णिमेस दुपारी बारा वाजोन दहा मिनिटांनी आसाम फत्ते जाहला. होकाराचा खलिता रतनरावांनी खासा तोंडी सांगितला. त्यात "उपरोक्त विषयान्वये" तीन वेळा आले, अक्षताबाईंनी दोन वगळले आणि एक बापासाठी राहो दिधले. साईनाथांनी ग्रुपवर कळविले की सदर दुःखद वार्ता रद्द समजावी, आणि जोडलेले हात काढोन घ्यावे. लढाईचा आकार येणेप्रमाणे दप्तरी दाखल केला: फौज सहा तऱ्हांची. पंच सतरा. जीभ भाजलेले चार. मृत, तपासाअंती, निरंक.