बिनभोकाची होडी

मुलांनो, आधीच सांगून ठेवतो. माझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे. शाळा लवकर सुटली, त्यामुळे भारी शब्दही माझ्याकडे नाहीत. जे आहेत त्यांत भागवून घ्या. कुठे वेलांटी चुकली तर गुरुजींना दाखवू नका, तुम्हीच सुधारून वाचा.

तर एका जंगलातून एक खाडी जात होती. अलीकडच्या काठाला सावली होती आणि पलीकडच्या काठाला चारा. त्यामुळे सगळ्यांना रोज पलीकडे जावं लागे आणि रोज परत यावं लागे.

जायला दोन सोयी होत्या. एक म्हणजे मगरमावशींची पाठ. ही सोय फुकट होती. मावशी गोड बोलत, हाताला धरून चढवून घेत, घरच्या सगळ्यांची नावानिशी चौकशी करत. फक्त चढलेले सगळेच पलीकडे उतरत नसत.

"वाटेत उतरले असतील," मावशी म्हणत.

दुसरी सोय म्हणजे बाबलची होडी. बाबल हा पाणमांजर. कष्टाळू, सरळ आणि भलता लाजाळू. कुणी त्याला नमस्कार केला तर तो आधी मागे वळून बघे, मागच्या कुणाला केला असेल म्हणून. होडी फायबरची होती, निळ्या रंगाची. तिच्यात जेवढे चढत तेवढेच उतरत. पण ही काही सांगण्यासारखी गोष्ट आहे, असं बाबलला कधी वाटलं नाही.

अलीकडे जंगलात वजनं वाढली होती. सरपंच झाल्यापासून गवाआप्पा एकटेच अर्धी होडी भरत. जुन्या इंजिनाला ओढेना, म्हणून बाबलनं मोठं इंजिन बसवलं. इंजिन मोठं झालं, पण धूर बाहेर सोडायचं भोक जुनंच राहिलं. होडीच्या मागच्या भिंतीत, पाण्याच्या बरंच वर, पेरूएवढं. नव्या इंजिनाला हवं होतं नारळाएवढं.

मग व्हायचं काय? भर खाडीत इंजिनाचा दम कोंडे. ते खोकायचं, गुरगुरायचं आणि बंद पडायचं. बंद पडे ते नेमकं मावशींच्या घरावर.

"थांबलात का?" मावशी खालून विचारत. "मग उतरा ना. चहा तरी घेऊन जा."

बाबल जीव खाऊन वल्ही मारी. एकदा ओहोटीला इतकी ओढ होती, की वल्ही मारूनही होडी उलटी मावशींच्या अंगणाकडेच निघाली. कसाबसा काठ गाठला. त्या दिवशी त्यानं ठरवलं, आता भोक मोठं करायचंच.

बाबल सरळ असल्यामुळे त्यानं तसं सांगूनही टाकलं. भेकरीणवहिनी पाडसाला घेऊन काठावर आल्या होत्या, त्यांनाच म्हणाला, "वहिनी, उद्या होडी बंद. होडीचं भोक मोठं करायचंय."

"भोक?" वहिनींचे कान उभे राहिले. "होडीला भोक आहे?"

"आहे की. पहिल्यापासून आहे."

"आणि आम्ही तिच्यात बसत होतो?"

"हो."

"या लेकराला मांडीवर घेऊन?"

"हो, पण ते..."

"आणि ते बुजवायचं सोडून तू मोठं करतोयस?"

याला उत्तर होतं. पण त्या उत्तराला चार वाक्यं लागली असती, आणि बाबलला एका वेळी एकच जमे. तो पहिलं वाक्य जुळवत होता तोवर वहिनी निघूनही गेल्या.

वरच्या फांदीवर एक वानर होतं. त्यानं शेजारच्या झाडाला ओरडून सांगितलं, होडीला भोक! खाडीकाठची झाडं संपेपर्यंत भोकं सात झाली होती आणि बाबल ती मुद्दाम पाडत होता.

दुसऱ्या दिवशी बाबलनं होडी काठावर ओढून घेतली. ड्रिल मशीन काढलं. मशीनला वाटीसारखी गोल करवत लावली. तिच्या मधोमध एक अणकुचीदार टोक असतं. ते टोक आधी आत रुततं, त्याच्या आधारानं वाटी जागेवर राहते आणि गोल कापत जाते.

आता इथे एक गंमत आहे, नीट ऐका. कोऱ्या भिंतीत भोक पाडायचं तर टोक भिंतीत रुततं. पण भोक आधीच असेल तर? मधोमध नुसती हवा! टोक रुतणार कशात? वाटी मग दारू प्यायल्यासारखी भिंतभर नाचते आणि नको तिथे कापते. म्हणून भोक मोठं करायचं तर आधी ते लाकडाच्या बुचानं घट्ट बुजवावं लागतं.

बाबलनं छान गोल बूच तासलं. भोकात बसवलं. वर हातोडीनं ठोकलं.

नेमकं त्याच वेळी गवाआप्पा सगळं जंगल घेऊन जाब विचारायला आले.

आप्पांनी होडी मागून पाहिली. खालून पाहिली. मग त्यांच्या डोळ्यांत एकदम ओलावा आला.

"बुजवलं!" ते म्हणाले. "जनतेचा आवाज ऐकला पोरानं!"

"नाही आप्पा, हे मी..." बाबल म्हणाला.

"बाबलराव, लाजू नका. हार आणा रे!"

झेंडूचे दोन हार आले. एक बाबलच्या गळ्यात पडला आणि एक बुचाला घातला. बुचाला कुंकू लागलं. कुणी तरी नारळही वाढवला. बाबलच्या तोंडापुढे झेंडू असल्यामुळे त्याचं दुसरं वाक्य फुलांतच अडकलं.

"आता चालवून दाखवा!" आप्पा म्हणाले.

बाबलला वाटलं, बरं झालं, आता यांचं यांनाच कळेल. त्यानं इंजिन सुरू केलं. धुराला बाहेर जायला वाट नव्हती. इंजिन एकदा हुंदका देऊन गप्प झालं.

सगळे कान देऊन ऐकू लागले.

"वा!" आप्पा म्हणाले. "आवाज नाही. धूर नाही. हादरे नाहीत."

"हलतही नाही," कासव म्हणालं.

"मग बुडेल कशी?" आप्पांनी विचारलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग मगरमावशी बोलायला उभ्या राहिल्या. त्यांचा कंठ दाटला होता. तो केव्हाही दाटतो. "भोक ते भोकच हो," त्या म्हणाल्या. "आज छोटं, उद्या मोठं. आता या होडीला पुन्हा कुणी भोक पाडायचं नाही, असा ठराव करा. आणि ही होडी आहे तशी काठावरच जपून ठेवा. पोराबाळांना दाखवायला. जाण्यायेण्याचं काय, मी आहेच."

ठराव झाला. भोक पाडील त्याला जंगलाबाहेर घालवायचं, असं ठरलं.

घरी जाताना भेकरीणवहिनी मावशींजवळ थांबल्या. "उद्या याला पलीकडे न्यायचंय. कोवळा पाला आलाय म्हणतात."

"ये की गं," मावशी म्हणाल्या. "सकाळीच ये. मी काही खाल्लेलं नसतं, अंग हलकं असतं."

पाडस मावशींच्या दातांकडे कौतुकानं बघत होतं. "आई, किती पांढरे!" ते म्हणालं.

बाबलनं ते ऐकलं. तो धावत आप्पांच्या मागे गेला. "आप्पा, धूर बाहेर जायला वाट लागते हो. नाही तर होडी चालणार नाही, आणि वहिनी उद्या..." चार वाक्यांपैकी दोन एका दमात आली होती. बाबलच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं भाषण.

आप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बाबलराव, लोकांना काय हवं ते बघावं. लोकांना बूच हवंय. दिसलं की त्यांना बरं वाटतं. तुम्ही कशाला मधे पडता?"

बाबल घरी आला. हार काढून खुंटीला टांगला. आप्पांचं बोलणं त्यानं मनात उलटसुलट करून पाहिलं. दिसलं की बरं वाटतं. आप्पा प्रथमच काही तरी कामाचं बोलले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उजाडायच्या आत, बाबल होडीपाशी गेला. करवतीचं टोक त्यानं बुचाच्या बरोबर मधोमध टेकवलं आणि मशीन सुरू केलं. टोक लाकडात रुतलं, वाटी हलली नाही. फायबरचा भुसा उडाला, अंगभर खाज सुटली. शेवटी नारळाएवढी गोल चकती सुटून हातात आली. भोवती निळं फायबर, मधे लाकडाचं बूच, बुचावर कालचं कुंकू. चकतीच्या मधोमध टोकानं पाडलेलं एक बारीक भोक राहिलं होतं. त्यात बाबलनं झेंडूचं फूल खोचलं.

कापलेल्या कडेला त्यानं लेप लावला, जाड पाइप बसवला. मग ती चकती नेऊन होडीच्या पुढच्या टोकाला स्क्रूनं पक्की केली, खुंटीवरचा हार तिला घातला, आणि होडी पाण्यात ढकलून तोंड काठाला लावून उभा राहिला.

भेकरीणवहिनी पाडसाला घेऊन मावशींकडे निघाल्या होत्या. होडी पाण्यात बघून थबकल्या.

"आणि भोक रे?"

"बूच इथे आहे, वहिनी. हात लावून बघा."

वहिनींनी हात लावला. घट्ट होतं. त्यांनी नमस्कार केला, पाडसाला करायला लावला आणि होडीत चढल्या. मागोमाग ससे चढले, कासव चढलं. प्रत्येकजण बुचाच्या पाया पडूनच आत येत होता. शेवटी आप्पा आले आणि अर्धी होडी भरली.

इंजिन धडधडायला लागलं. न खोकता, न अडता.

"काल आवाज नव्हता," आप्पा म्हणाले.

"काल आपण हललो नव्हतो," बाबल म्हणाला.

होडी मावशींच्या घरावरून सरळ पुढे गेली. मावशींनी पाण्यातून डोकं वर काढलं. होडी मागून बघणाऱ्या त्या खाडीत एकट्या त्याच. नारळाएवढ्या भोकातून निळा धूर भसभस बाहेर पडत होता.

"भोक!" मावशी ओरडल्या. "अहो, भोक आहे! पहिल्यापेक्षा मोठं!"

इंजिनाच्या आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नाही. वहिनींना वाटलं, मावशी निरोप देतायत. त्यांनी पाडसाचा पाय धरून तो हलवला.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. मात्र ते होडीच्या मागच्या बाजूला बोलावं. पुढच्या बाजूला बूच लावावं, आणि त्याला रोज ताजा हार घालावा.