सॉसेज रुचकर असल्याचा दाखला

सन १९८८च्या नोव्हेंबर महिन्यात चंदीगडमधली परिस्थिती सामान्य होती. तशी नोंदच होती. ही नोंद ज्या कार्यालयात ठेवली जाई त्याचं नाव 'सामान्य परिस्थिती कक्ष', आणि त्याच्या दाराशी वाळूच्या गोण्यांच्या तीन रांगा रचलेल्या होत्या. आत जाणाऱ्याला जेवणाचा डबा उघडून दाखवावा लागे. शिपाई डब्यातली भाजी चमच्याने ढवळून पाही, मग कर्मचारी आत जाऊन परिस्थिती सामान्य असल्याचं टाइप करत.

या कक्षात माधव पाटणकर नावाचे कराडचे गृहस्थ चार वर्षांपूर्वी बदलीने येऊन पडले होते. बायको सुमित्रा आणि सात वर्षांची मुलगी नीला यांच्यासह ते सेक्टर बत्तीसमधल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत. त्या घरात तूर्त एकच इच्छा नांदत होती, ती म्हणजे पुण्याला बदली.

कारण नीला. शाळेत रोज प्रार्थनेनंतर मुलांकडून म्हणून घेतलं जाई की बेवारस वस्तूला हात लावायचा नाही, लांब जायचं आणि मोठ्यांना सांगायचं. बाकीची मुलं म्हणत आणि विसरत. नीला पडली गुणी. ऑगस्टमध्ये बाजारात बॉम्ब दडवलेला एक बेवारस ट्रान्झिस्टर फुटला तेव्हा ती आईचं बोट धरून दुकानांच्या पुढच्याच रांगेत होती, आणि त्या दिवसापासून तिने जमिनीवरची एकही वस्तू उचलली नव्हती. पेन्सिल पडली की ती तिथेच राही. स्वतःची चप्पल दाराशी वाकडी दिसली तरी ती बाहेर हिरवळीवर जाऊन उभी राही आणि शांतपणे सांगे, "मम्मी, वहाँ कुछ पड़ा है." सुमित्रा मराठीत समजावून थकली. पोरीला मराठी सगळं कळे, पण उत्तर हिंदीतच येई आणि तेही दहा पावलांवरून.

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी लिहून दिलं की मुलीला काही दिवस दुसऱ्या गावी ठेवावं. माधवरावांनी ते कागद जोडून अर्ज केला. अर्जात कारण लिहिलं, "येथील परिस्थिती सामान्य नसल्यामुळे." सामान्य परिस्थिती कक्षातल्या माणसाने असं लिहिणं म्हणजे हलवायाने आपल्याच पेढ्याला वास येतो म्हणण्यासारखं होतं. पण दुसरं कारण नव्हतं, आणि खोटं लिहायची सवय असली तरी ती फक्त कार्यालयीन कामापुरती होती.

अर्ज दिल्लीला भटनागर नावाच्या सहसचिवांच्या टेबलावर गेला आणि तिथे त्याने बैठक मारली. दोन महिने गेले. मग एके दिवशी कक्षाचे उपसंचालक सूदसाहेब यांनी माधवरावांना बोलावलं.

"पाटणकरजी, मुबारक हो. भटनागरसाहब आपके घर लंच करेंगे."

हकिकत अशी होती. भटनागरसाहेब परिस्थिती सामान्य असल्याची पाहणी करायला स्वतः येणार होते. आजवरच्या पाहण्या विश्रामगृहात बसून झाल्या म्हणून वरून आक्षेप आला होता. तेव्हा यंदा एका सामान्य कुटुंबात, सामान्य घरात, दुपारचं सामान्य जेवण घ्यायचं ठरलं. 'पाहुण्यांची आवड' या रकान्यात दिल्लीहून भरून आलं होतं: सॉसेज, कांद्याची घरगुती ग्रेव्ही आणि मॅश केलेले बटाटे. भटनागरसाहेबांनी तरुणपणी सहा महिने इंग्लंडमध्ये प्रशिक्षण घेतलं होतं. त्यातलं प्रशिक्षण ते विसरले होते आणि जेवण तेवढं लक्षात राहिलं होतं.

"सर, सामान्य कुटुंबात सॉसेज कोण करतं?" माधवरावांनी विचारलं.

सूदसाहेबांनी यावर तत्त्व सांगितलं. माणूस रोज डाळ-रोटी खातो यावरून काहीच सिद्ध होत नाही, ती तर दंगलीतही मिळते. सॉसेज खावंसं वाटलं आणि सॉसेज मिळालं, याला सामान्य परिस्थिती म्हणतात. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "ट्रान्सफर की फाइल भी वही साइन करेंगे. समझ गए ना?"

माधवराव समजले. घरी येऊन त्यांनी सुमित्राला समजावलं. ती कराडची, मटणाच्या रश्शात हात धरणारं कोणी नाही अशी, पण सॉसेज तिने फक्त मेसच्या पार्टीत लांबून पाहिलं होतं.

"अहो, पण ते करायचं कसं?"

"परिपत्रक येतंय."

परिपत्रक आलं. इंग्रजी, हिंदी आणि पंजाबी अशा तीन भाषांत होतं, आणि वित्त शाखेने बटर पन्नास ग्रॅमवरून पस्तीसवर आणलं होतं. कांदे पाऊण तास मंद आचेवर परतावेत असा आदेश होता. खाली टीप होती की घाई केल्यास गृहिणी व्यक्तिशः जबाबदार राहील.

सुमित्राने आदल्या दिवशी तालीम केली. उभे पातळ कांदे चिरले, बटरवर टाकले आणि समोर उभी राहिली. परतताना तिचा हात चारदा कांदा-लसूण मसाल्याच्या बरणीकडे गेला आणि चारदा तिने तो पुण्याच्या बदलीची आठवण करून मागे घेतला. कांदा सोनेरी झाला, मग तपकिरी. चिमूटभर साखर, चमचाभर मैदा, हाडं उकळून काढलेलं पाणी, थोडं व्हिनेगर, मिरपूड. चव घेतली. तिखट नसूनही पदार्थ चांगला लागू शकतो हे तिला त्या दिवशी प्रथम कळलं, आणि माहेरी हे कोणाला सांगायचं नाही असं तिने ठरवलं. बटाटे तिने गरम असताना सोलून सरळ पुरणयंत्रातून काढले. परिपत्रकात काट्याने कुस्करा असं लिहिलं होतं. पुरणयंत्रातून जे उतरलं त्यात गाठ म्हणून नव्हती.

राहिले सॉसेज. ते पिंजौरच्या पलीकडे एका फार्मवर मिळत. पाहणीच्या दिवशी सकाळी सातला कार्यालयाची जीप घेऊन गुरमेलसिंग निघाला. हा कक्षाचा जुना ड्रायव्हर, पगडी नीट, बोलणं कमी. पिंजौर अवघं वीसेक किलोमीटर, पण नाक्यावर त्याला इतरांपेक्षा जरा जास्त वेळ थांबवत. परिस्थिती सामान्य असल्यामुळे त्याचं कारण कुठे लिहिलेलं नव्हतं. म्हणून साडेपाच तास हाताशी ठेवले होते.

गुरमेलसिंग साडेबारा वाजता परत आला. त्याने सुमित्राच्या हातात स्टीलचा डबा दिला. डब्यात तीन पावत्या होत्या.

"सॉसेज कुठायत?"

"ये ही हैं जी," तो म्हणाला आणि खाली पाहून उभा राहिला.

फार्मवरून निघताना डब्यात बारा सॉसेज होते. पहिला नाका एका राज्याचा. तिथे फलकावर संशयास्पद वस्तूंची चित्रं होती आणि त्यात सॉसेज नव्हतं, म्हणजे वस्तू अज्ञात ठरली. नमुना म्हणून दोन काढून घेतले आणि पावती दिली. दुसरा नाका दुसऱ्या राज्याचा. तिथल्या अंमलदाराने पावती वाचली आणि विचारलं, माल निर्धोक होता तर नमुना का घेतला? त्याने चार घेतले. तिसरा नाका दोन्ही राज्यांच्या राजधानीचा, म्हणजे खुद्द चंदीगडचा. तिथे दोन पावत्या पाहून अधिकारी खुर्चीतून उठलाच. ज्या वस्तूवर दोन सरकारांना संशय आला ती सोडणं म्हणजे नोकरीला मुकणं. त्याने उरलेले सहाही तपासणीसाठी ठेवले आणि गुरमेलसिंगला बाकावर तास-दीड तास बसवलं. तिसऱ्या पावतीवर शेरा होता: "तपासणीत सर्व नमुने खर्ची पडले. वस्तू निर्धोक. मीठ किंचित जास्त."

माधवरावांनी सूदसाहेबांना फोन केला. ते पंधरा मिनिटांत आले आणि पावत्या वाचून सोफ्यावर बसले.

"सर, कार्यक्रम पुढे ढकलू या."

पुढे ढकलायला कारण लिहावं लागतं, सूदसाहेब म्हणाले. कारण लिहायचं तर नाके आले. नाके आले की परिस्थिती आली.

"मग अंडी उकडते," सुमित्रा म्हणाली. "पटकन होतील."

मेनू दिल्लीने मंजूर केला होता. बदल करायचा तर पुन्हा कारण, म्हणजे पुन्हा नाके. सूदसाहेबांनी डोळे मिटले, उघडले आणि निर्णय दिला, "भाभीजी, आप परोसिए."

"काय वाढू?"

"जो मंजूर है."

एक वाजता भटनागरसाहेब आले. पुढे एक जीप, मागे दोन, आणि गच्चीवर सकाळपासून दोन जवान. घरात शिरल्या शिरल्या त्यांनी खोल श्वास घेतला. "वाह. अनियन ग्रेव्ही." घरभर तोच वास होता आणि तेवढा तरी खरा होता.

नीलासकट सगळे टेबलाशी बसले. सुमित्राने प्रत्येकाच्या ताटात मॅशचा गोळा ठेवला. मग चिमटा हातात घेतला, रिकाम्या ताटलीतून काही उचलल्यासारखं केलं आणि मॅशशेजारी ठेवल्यासारखं केलं. प्रत्येकी दोन. वर ग्रेव्ही सोडली. थेंबभरही बाहेर सांडली नाही.

भटनागरसाहेबांनी ताटाकडे पाहिलं. मग सूदसाहेबांकडे. सूदसाहेब भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. भटनागरसाहेबांच्या कोपराशी त्यांची फाइल उघडी होती, आणि शेजारी उभ्या असलेल्या सुमित्राला आतला अहवाल वाचता येत होता. तो दिल्लीतच टाइप होऊन आला होता. फक्त तारीख भरायची राहिली होती.

भटनागरसाहेबांनी सुरी-काटा उचलला, ग्रेव्हीत आडवी सुरी चालवली आणि काटा तोंडात घातला. बराच वेळ चावलं.

"एक्सलंट," ते म्हणाले. "ऊपर की परत बिलकुल सही. फटी नहीं."

सूदसाहेबांनी श्वास सोडला. माधवरावही सुरी चालवू लागले. सुमित्राला स्वतःची लाज वाटली, पण आता मागे फिरता येत नव्हतं. आणि सवय जाईल कुठे? तिच्या माहेरी पाहुण्याला तीनदा आग्रह केल्याशिवाय उठू देत नसत. चिमटा घेऊन ती पुढे झाली.

"अजून एक घ्या ना."

"नहीं, नहीं. बस."

"एवढासाच आहे."

"भाभीजी, दो में पेट भर गया."

इतक्यात साहेबांचा काटा हातून निसटून फरशीवर पडला. ते वाकले.

"हाथ मत लगाइए," नीला म्हणाली.

ती खुर्चीवरून उतरली होती. तिने भटनागरसाहेबांचा हात धरला, त्यांना उठवलं, दाराबाहेर नेलं आणि पावलं मोजत हिरवळीच्या टोकाशी उभं केलं. मग परत येऊन सूदसाहेबांना नेलं, शेवटी आईबाबांना. मोठी माणसं निमूट चालली. पाच मिनिटं सगळे उन्हात उभे होते आणि आत फरशीवर एक काटा पडलेला होता. गच्चीवरच्या एका जवानाने खाली पाहिलं आणि तोही बंदूक सरसावून दोन पावलं मागे सरला.

सुमित्राला राहवलं नाही. तिला येत होतं तेवढ्या हिंदीत ती म्हणाली, "साहेब, ये घर में पेन्सिल भी नहीं उठाती. तीन महिने हो गये. हमको हमारे गाँव जाने दीजिए." आजच्या दिवसातलं हे एकच वाक्य कुठल्याही परिपत्रकात नव्हतं.

भटनागरसाहेबांनी नीलाच्या डोक्यावर हात ठेवला. "बहुत अच्छी बच्ची है. कितनी डिसिप्लिन. फिक्र मत कीजिए, मैं खुद देखूँगा."

निघताना त्यांनी अहवालात तारीख घातली आणि खाली यजमानांच्या सह्यांची जागा दाखवली. मजकूर एवढाच होता: "सॉसेज विनासायास उपलब्ध झाले व रुचकर होते." माधवरावांनी सही केली. सुमित्राने पेन हातात घेतलं आणि नीलाकडे पाहिलं. ती अजून बाहेरच उभी होती, आत यायला तयार नव्हती. पुण्याची गाडी या एका ओळीवरून जाते आहे, मग जाऊ दे, असं म्हणून सुमित्राने पूर्ण नाव लिहिलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. माधवराव ते घेऊन दुपारीच घरी आले. सुमित्राने त्यांच्या हातून कागद घेतला आणि उभ्या उभ्या वाचला.

"संदर्भाधीन अर्जात बदलीचे कारण 'येथील परिस्थिती सामान्य नसणे' असे नमूद आहे. तथापि अधोस्वाक्षरीकर्त्याने अर्जदाराच्या निवासस्थानी प्रत्यक्ष भोजन करून परिस्थिती पूर्णतः सामान्य असल्याची खात्री केली असून, अर्जदार व त्यांच्या पत्नी यांनी तसे लेखी प्रमाणित केले आहे. मुलीच्या प्रकृतीबाबत कळविण्यात येते की, तिची सतर्कता अनुकरणीय असून ती शहरातील सर्व शाळांत दाखवावी. सबब बदलीचे कारण अस्तित्वात नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. अर्जदारांच्या घरी ही पाहणी यापुढे दरमहा होईल."

"आपण लिहू या की सॉसेज नव्हतेच," सुमित्रा म्हणाली.

"कसं लिहिणार? तुझी सही आहे."

"तुमचीपण आहे."

"माझी तर आहेच," माधवराव म्हणाले आणि बूट सोडायला खाली बसले.

सुमित्राबाई शिकलेल्या होत्या, डोळ्यांसमोर रिकामं ताट होतं, तरी त्यांनी सही केली कशी, असं वाचकांपैकी काहींना वाटेल. वाटणं रास्त आहे. अशा वाचकांनी आपल्या मुलाच्या शाळेने शेवटचा जो कागद घरी पाठवला होता, ज्यावर 'स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी व सुरक्षा समाधानकारक आहेत, पालकांनी पाहणी केली आहे' असं छापलं होतं, तो आठवावा. पाहणी कधी केली होती तेही आठवावं. नसेल आठवत तर हरकत नाही. कागद शाळेच्या दप्तरी आहे, आणि उद्या पोराला तिथे काही झालं तर सगळ्यात आधी तोच काढून तुमच्यापुढे ठेवतील.