आवाज पोचतोय का

वायर नाही, तर आवाज येतो कुठून?

माझा मोठा भाऊ धनाजी त्याच्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी घरातल्या ॲम्प्लिफायरमधून बोलायला लागला, तेव्हा मी हे बऱ्याच जणांना विचारलं. ॲम्प्लिफायर विकणाऱ्या दुकानदाराने तर माझ्याकडे असं बघितलं, जणू ती वायर मीच चोरून नेली होती.

दादाचा साउंड सर्व्हिसचा धंदा होता. बॉक्स, मशीन, माइक आणि वायरींची भेंडोळी. लग्न असो की बारसं, तो स्टेजवरून माइकमध्ये "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणायचा आणि मी मंडपाच्या पार टोकाला, आचाऱ्याच्या चुलाणापाशी उभा राहायचो. आवाज नीट पोचला की मी हात वर करायचा. माझा हात वर गेल्याशिवाय दादा कार्यक्रम सुरू करू देत नसे, मग भटजी कितीही घड्याळ दाखवोत. शाळा सुटल्यापासून मी हेच एक काम शिकलो.

घरातला ॲम्प्लिफायर मात्र त्याने आईसाठी आणला होता. वीतभर उंचीचा, काळा, स्पीकर त्याच्या पोटातच. विजेची पिन सोडली तर त्याला एकही वायर नव्हती. मोबाइलवरची भजनं हवेतून त्याच्यात जायची. आईने त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि देव्हाऱ्याशेजारी त्याला जागा दिली. त्यानंतर काही दिवसांतच एका लग्नाचा सेट परत आणताना घाटात टेम्पो उलटला. बॉक्सना खरचटलंसुद्धा नव्हतं.

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. पिंड ठेवून सगळे लांब उभे राहिले. कावळे पिंपळावर बसून खाली बघत होते. मामा पुढे झाले, "धनाजी, तुझ्या आईला आम्ही सांभाळू." कावळा हलला नाही. चुलते माझ्याकडे बोट करून म्हणाले, "तान्याचं लग्न करू." एक कावळा उडाला तो पलीकडच्या काठाला गेला. ऊन वाढलं. लोक दर्भाचा कावळा करायच्या गोष्टी बोलू लागले. मला ते ऐकवेना. मी ओरडलो, "दादा, तुझा ॲम्प्लिफायर मी कधी बंद करणार नाही." तीन-चार कावळे एकदमच खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहात बटर बुडवत होतो.

"हॅलो. हॅलो. माइक टेस्टिंग. तान्या, आवाज पोचतोय का रं?"

मी हात वर केला. मग त्याला दिसत नसेल असं वाटून म्हणालो, "पोचतोय. पण पत्र्याच्या डब्यातनं बोलल्यागत येतोय."

"मग हलीव की मला. असा भिंतीला चिकटवून ठेवल्यावर काय हुईल?"

आवाज सुधारणं गरजेचं होतं. आमच्या नगरपालिकेचा नियम असा आहे की घरातलं मेलेलं माणूस बोलायला लागलं, तर त्याच्या आवाजाची परीक्षा द्यावी लागते. आवाज चांगला असेल तर माणूस घरात राहतो. खरखरत असेल, तुटत असेल, तर ॲम्प्लिफायर जुन्या जकात नाक्यामागच्या गोडाऊनमध्ये नेतात. ते गोडाऊन मला ठाऊक आहे. दाराला कुलूप असतं, आणि आत सगळे एकमेकांना जेवलात का म्हणून विचारत असतात. कुणीच हो म्हणत नाही. त्या रस्त्याने मी सायकल हाकत नाही, पळवतो.

म्हणून मी घरभर जागा शोधली. स्वयंपाकघरात आवाज भांड्यांवर आपटायचा. खिडकीत ठेवला तर पातळ व्हायचा. माळ्यावर घुमायचा. शेवटी आईच्या खाटेच्या उशाला ठेवला आणि दादा खणखणीत ऐकू आला, अगदी शेजारी बसून बोलल्यासारखा. तिथेच ठेवला. दिवसेंदिवस तो आणखी भरत गेला.

आईचा घसा त्याच सुमारास बसला. रडून बसला असेल असं सगळे म्हणाले. शेजारच्या कुसुमकाकूंनी हळद-दूध दिलं, ज्येष्ठमध दिलं. मग आई मांजराला हाक मारायची आणि मांजर मान वर करायचं नाही. तुळशीपुढे ती नुसते ओठ हलवू लागली.

एका दुपारी मी अंघोळ करून आलो, तर दादा म्हणाला, "डोकं कोरडं कर बाळा, पडसं हुईल."

दादाने मला जन्मात कधी बाळा म्हटलं नव्हतं. गाढवा म्हणायचा. मी टॉवेल तसाच धरून उभा राहिलो. मग ॲम्प्लिफायरमधून खाकरल्याचा आवाज आला, आधी दोनदा बारीक आणि मग एकदा मोठा. असं आमच्या घरात आईच खाकरते. खाटेवर आई जागी होती आणि माझ्याकडे बघत होती. मी कुणाला काही बोललो नाही. परीक्षा तोंडावर आली होती.

परीक्षेला नगरपालिकेतून अष्टेकर मॅडम आल्या. त्यांनी आल्या आल्या पंखा बंद करायला लावला, भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला आणि मांजराला बाहेर घालवलं. चहाला नको म्हणाल्या, कारण घोट घेताना कान बंद होतात. खुर्ची ओढून बसल्या आणि डोळे मिटले.

"नाव?"

"धनाजी ज्ञानू खोत."

"व्यवसाय?"

"साउंड सर्व्हिस. मॅडम, तुमची खुर्ची कोपऱ्यात हाय. कोपऱ्यात आवाज उगंच जाड लागतो. जरा पुढं घ्या."

"परीक्षा तुमची आहे, खोत. माझी नाही."

"ते बराबर हाय. पर खुर्ची घ्या पुढं."

मॅडमनी डोळे न उघडता खुर्ची पुढे घेतली.

त्यांनी त्याला हळू बोलायला सांगितलं, भरभर बोलायला सांगितलं, 'श' आणि 'स' यांचे शब्द म्हणायला लावले. त्याने मसाला, शेवंती, सासुरवाडी असे शब्द म्हटले. मध्ये गप्प राहायला लावलं, आणि त्या गप्पपणात कुठे गुणगुण आहे का ते ऐकलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. माझ्या हाताच्या घामाने चौकटीचा रंग बोटांना लागला.

"आता ओरडा," मॅडम म्हणाल्या.

"कुणाच्या नावानं?"

"कुणाच्याही."

"तान्या!"

मी अंगणाच्या टोकाला जाऊन हात वर केला, तेव्हा मला कळलं की मी पळालो होतो. परत येईपर्यंत मॅडमनी डोळे उघडले होते.

"खालचा सूर भरदार आहे. मधला स्वच्छ. मोठ्या आवाजातही फाटत नाही. बोलणं आणि पोचणं यात अंतर नाही. तालुक्यात असा आवाज मी अजून ऐकलेला नाही."

"मग पास?" मी विचारलं.

"आवाज पास. पण इतका चांगला आवाज आला की मला आणखी एक तपासणी करावी लागते. या यंत्रात स्वतःचं काही साठवलेलं नसतं. जे जवळ असतं, ते हे घेतं."

"मॅडम, वायर नाही, तर आवाज येतो कुठून?"

आईकडे वळून त्या म्हणाल्या, "मावशी, तुमचं नाव सांगा."

आईने पदर सावरला आणि नाव सांगितलं. ओठ हलले. आवाज आला नाही, कुजबुजही नाही.

"अनुसया ज्ञानू खोत," ॲम्प्लिफायरमधून दादा म्हणाला.



"हे मी न्हाई बोललो," दादा म्हणाला.

मॅडमनी आईच्या नाकाजवळ तळवा धरला आणि काढला. "आवाज जवळपास संपलाय. तो संपला की हे यंत्र त्याच माणसाचा श्वास घ्यायला लागतं. मग फार दिवस लागत नाहीत. मी याला आजच गोडाऊनमध्ये नेते."

आईने दोन्ही हातांनी ॲम्प्लिफायर कवटाळला आणि मान हलवली. तिच्या बांगड्या त्याच्यावर वाजल्या.

"तान्या," दादा म्हणाला, "बटण दाब. बंद कर मला."

"नदीवर शब्द दिलाय."

"मी सोडला तुला शब्दातनं."

"कावळा शिवलाय, दादा."

"शिवला असेल तर बंद करता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "फक्त नेता येतं."

दादाने विचारलं, "मॅडम, गोडाऊनमधी एको हाय?"

"आहे."

"लई?"

"पत्र्याचं आहे ना ते."

दादाला एको, म्हणजे आवाजाचं घुमणं, कधी सहन झालं नाही. सिमेंटच्या सभागृहातल्या सुपाऱ्या तो त्यामुळेच घेत नसे. तो म्हणाला, "चालंल," आणि तो शब्द मधेच तुटला. मॅडमच्या भुवया वर गेल्या. तुटलेला आवाज त्यांनी ऐकला होता.

त्या पुढचं काही म्हणायच्या आत मी आईच्या हातातून ॲम्प्लिफायर ओढून घेतला आणि भिंतीपाशी जाऊन मांडीवर घेऊन बसलो. तो कोमट होता. "माझा आवाज घ्या," मी म्हणालो.

"स्रोत बदलता येतो," मॅडम म्हणाल्या. "पण ज्याचा घ्यायचा, त्याने स्वतः समोर बसून बोलावं लागतं. त्यानंतर त्याला बोलता येत नाही. काय बोलायचं ते नीट विचार करून ठरवा."

"तान्या, गाढवा, खाली ठेव मला," दादा म्हणाला.

आई उठायचा प्रयत्न करत होती. विचार करायला गेलो असतो तर भ्यालो असतो. मी तोंड जाळीजवळ नेलं.

"हॅलो. हॅलो. माइक टेस्टिंग."

दुसरा हॅलो मला निम्माच ऐकू आला. टेस्टिंग मी म्हटलं, पण ते ऐकू आलं नाही.

"मेल्या, काय करून बसलास हे," आई म्हणाली. घोगरा होता, पण तिचा आवाज होता. बाहेर मांजर ओरडायला लागलं.

मॅडमनी माझ्याही नाकाजवळ तळवा धरला. "तरुण आहे. टिकेल," त्या आईला म्हणाल्या. किती, ते मला विचारायचं होतं. मी हाताने विचारलं. त्या घड्याळात सेल घालत होत्या, त्यांनी बघितलं नाही. मग म्हणाल्या, "नव्या स्रोतावर एकदा ऐकून घेते. पूर्ण अंतरावरून."

आई ॲम्प्लिफायरपाशी बसली. आता तो माझ्या आवाजावर चालत होता, त्यामुळे त्याच्या जवळ बसायला तिला काही धोका नव्हता. मी अंगण ओलांडलं, धुण्याच्या दगडापलीकडे गेलो आणि कुंपणाला पाठ लावून उभा राहिलो. एवढंसं चालून मला धाप लागली होती. घराचं दार उघडं होतं. आत सगळे थांबले होते.

"हॅलो," दादा म्हणाला. आवाज त्याचाच होता, फक्त जरा पोरसवदा. "तान्या. आवाज पोचतोय का रं?"

मी हात वर केला.