मार्लिसचं शेवटचं वय

मरणाची वेळ माणसाच्या हातात नसते, हे जुन्या काळातलं मत आता मागे पडलं आहे. संगणकावर निवृत्तीचं नियोजन करायला बसलं की ती वेळ एका चौकटीत भरावीच लागते. चौकट रिकामी ठेवली तर पुढचं पान उघडत नाही. 'देवाला ठाऊक' असं लिहायचीही सोय नाही. चौकट फक्त आकडे घेते.

मिनेसोटातल्या एल्क बेंड गावच्या स्वावलंबी गुंतवणूकदार मंडळाने या बाबतीत बरीच मजल मारली आहे. मंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी चर्चच्या तळघरात भरतं. गुंतवणुकीचे सल्लागार शंभरामागे एक डॉलर घेतात, तो वाचवायचा, हे मंडळाचं ध्येय. त्यासाठी प्रत्येक सभासद आठवड्याचे वीस तास पडद्यासमोर घालवतो. (या तासांची किंमत काढायला मंडळाच्या घटनेत बंदी आहे.) सल्ला देणं हा इथे गुन्हा आहे. मत द्यायला हरकत नाही, मात्र मत संपताच "हा सल्ला नव्हे" असं मोठ्याने म्हणायचं. मध्यंतरी एका सभासदाने दुसऱ्याला "तुझ्या बुटाची नाडी सुटली आहे, हा सल्ला नव्हे" असं सांगितलं आणि तो दुसरा पडला, तरी कोणावर ठपका आला नाही. नियमांचा असा उपयोग होतो.

मंडळात आजवर आलेले प्रश्न तीन प्रकारचे आहेत. शेअर आता घ्यावेत का, आता विकावेत का, आणि मागच्या वर्षीच विकायला हवे होते का. पहिल्या दोहोंवर तीव्र मतभेद आहेत. तिसऱ्याचं उत्तर नेहमी एकमताने 'हो' येतं. चौथा प्रश्न म्हणजे, आहेत ते पैसे मरेपर्यंत पुरतील का. तो कोणी स्वतःसाठी विचारत नाही, मेहुण्यासाठी विचारतो. अशा मेहुण्यांची मंडळाच्या दप्तरातली संख्या सदतीस आहे. गावात प्रत्यक्षात मेहुणे नऊ.

वेंडल टॉर्गरसनने मात्र हा प्रश्न स्वतःच्या नावाने मांडला, कारण त्याला सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. वेंडल सहासष्ट वर्षांचा. उभा जन्म त्याने जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी चालवण्यात घालवला. बर्फ पडला की पहाटे तीनला उठायचं आणि घरी आलं की गुडघे धरून जिना चढायचा. शेअरही त्याने बर्फाच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीचेच घेतले होते. त्यामुळे बर्फ पडला की गुडघे जात आणि शेअर चढत; जोखीम विभागणं म्हणतात ते हेच. मार्चअखेर निवृत्त व्हायचं तर सोमवारी पत्र द्यायला हवं होतं, नाहीतर आणखी एक हिवाळा. बायकोचं, मार्लिसचं, म्हणणं होतं, पत्र दे. वेंडलचं म्हणणं होतं, आधी हिरवं होऊ दे.

निवृत्तीच्या गणकात सगळे आकडे भरले की पडदा रंग दाखवतो. हिरवा म्हणजे पैसे पुरतील, पिवळा म्हणजे बघा बुवा, लाल म्हणजे कामावर जा. वेंडलने तीन हिवाळे त्या रंगापायी घालवले. खर्च कमी केला, महागाई कमी केली (जे भल्याभल्यांना जमलेलं नाही), आणि या शनिवारी हिरवं झालेलं पान भिंतीवर मोठं करून दाखवलं. टाळ्या पडल्या.

नेमकी तेव्हाच मार्लिस लिंबाच्या वड्यांचं ताट घेऊन तळघरात उतरली.

"वेंडल," ती भिंतीकडे बघत म्हणाली, "माझ्या नावापुढे ते एकोणऐंशी काय आहे?"

"ते तुझं... शेवटचं वय."

"तू मला एकोणऐंशीव्या वर्षी मारलंस?"

"मारलं कुठे? धरून चाललो."

"आणि स्वतःला?"

"चौऱ्याऐंशी. बाबा चौऱ्याऐंशीलाच गेले ना."

"माझी आई त्र्याण्णव वर्षांची आहे, वेंडल! काल तिने पत्त्यांत पाद्रीबाबांचा खिसा रिकामा केला. मग मीच मेले एकोणऐंशीला का?"

वेंडल खोटं बोलणाऱ्यातला नव्हे. "ऐंशी घातलं की पिवळं होतं," तो म्हणाला.

 पाच-सहा सभासदांनी आपापले लॅपटॉप हळूच मिटले.

मंडळाचे अध्यक्ष आर्डन सर. निम्म्या गावाला त्यांनी शाळेत रसायनशास्त्रात नापास केलेलं, त्यामुळे त्यांचा शब्द अजून चालतो. त्यांनी प्रसंग ओळखला आणि मार्लिसच्या मुदतवाढीचा विषय तातडीने चर्चेला घेतला.

"होडी विकली तर?" सरांनी विचारलं.

"दोन वर्षं," वेंडल आकडा भरत म्हणाला. होडीचं नाव काढल्यावर त्याचा आवाज जरा बसला.

गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरायची खोपटी विकली, तिचे सात महिने आले. चर्चची देणगी निम्मी केली, त्याचं एक वर्ष आलं. (ही सूचना दबक्या आवाजात आली, कारण पाद्रीबाबा वरच्याच मजल्यावर होते.)

"मांजर," खजिनदार बेव्ह डालबर्ग म्हणाली. "जनावरांचे डॉक्टर काय लुटतात, बाई! अकरा महिने तर आरामात निघतील. हा सल्ला नव्हे."

"मांजर राहील," मार्लिस म्हणाली.

एवढं करूनही मार्लिस ब्याऐंशीच्या पुढे धड सरकेना. तेव्हा सर चष्मा पुसत म्हणाले, "वेंडल, अरे, तुझी वर्षं पडूनच आहेत की."

वेंडलने क्षणभरही विचार केला नाही. स्वतःच्या चौऱ्याऐंशीचे चौऱ्याहत्तर केले आणि मार्लिसला थेट त्र्याण्णववर नेऊन ठेवलं. पान हिरवंगार झालं.

"चौऱ्याहत्तर पुष्कळ झाली," तो म्हणाला. "गुडघे तरी त्यापुढे कुठे यायला बसलेत?"

पुन्हा टाळ्या पडल्या. वेंडलच्या निधनाचा ठराव एकमताने मंजूर झाला.

मार्लिसने ताट खाली ठेवलं. तिला राग आला होता आणि रडूही येत होतं. दोन्ही एकदम आलं की ती नाक शिंकरते, तसं तिने शिंकरलं. मग पुढे जाऊन नवऱ्याला कोपराने बाजूला सारलं, त्याच्या चौकटीत त्र्याण्णव घातले आणि होडीही त्याला परत दिली. पडदा असा काही लाल झाला, की सरांचं टक्कल गुलाबी दिसायला लागलं.

"मार्लिस, अगं, नव्वदी गाठायच्या आत पैसे संपतायत!"

"संपू देत. तू सोमवारी पत्र दे."

"पण लाल आहे ना ते."

"असू दे लाल. मला तू घरी हवा आहेस, वेंडल. जिना चढता येतोय तोवर. मी चाळीस हिवाळे पहाटे तीनला जागी होऊन गाडीचा आवाज परत येतोय का ते ऐकत पडले आहे. आता नाही ऐकायचं मला. चल, वड्या वाट."

वेंडलने वड्या वाटल्या. पहिली वडी त्याने स्वतःच खाल्ली, पण कोणी मत दिलं नाही.

सभेच्या इतिवृत्तात 'टॉर्गरसन यांची योजना नापास; सभासदांना खेद' एवढीच नोंद आहे. वेंडलने सोमवारी पत्र दिलं. त्याच आठवड्यात इतर आठ सभासदांनी घरी बसून बायकोच्या चौकटीतला आकडा गुपचूप वाढवला, आणि पान लाल झाल्यावर आठही जणांनी निवृत्ती पुढे ढकलली. मंडळाच्या मते या एका सभेने गावातल्या आठ बायकांचं आयुष्य सरासरी सहा वर्षांनी वाढवलं. एवढं काम तालुक्याच्या इस्पितळालाही कधी जमलेलं नाही.

वाचकहो, तुमचं पान हिरवं असेल तर अभिनंदन. ते कोणाला लवकर पाठवून हिरवं झालं, तेवढं एकदा पान वर सरकवून बघा. आणि तुम्ही अजून चौकट भरलीच नसेल, तरी निर्धास्त राहू नका. घरातलं दुसरं माणूस हिशेबाला पक्कं आहे, आणि तुमचा आकडा त्याने केव्हाच घातलेला आहे.